तीन मिनिटं झाली

पडद्याच्या दांडीचे दोन तुकडे,
एकेक एकोणपन्नास सेंटिमीटर,
मध्ये एकशे वीस अंशांचा कोन,
कोनमापक भाच्याच्या कंपासपेटीतला.
दांडिया बाजारातल्या गच्चीवर हे ठोकत होते तेव्हा
उर्वीबेननं विचारलं, "कपडां सुकववा?"
म्हटलं, "ना, फोन आहे. वरचा."
ती घाईघाईनं जिना उतरली.

एकवीस वर्षं मी रावपुऱ्यात
ट्रंक बोर्डावर बसले.
नाव कुणी सांगत नसे, नंबर सांगत.
पण "हॅलो"च्या आधीचा श्वास ऐकला की कळायचं,
हा गोध्र्याचा तेलवाला,
ही दर शुक्रवारी डभोईला लावणारी
आणि लागला की काहीच न बोलणारी.

आता अंगठ्याएवढा रिसीव्हर,
लॅपटॉपवर निळा धबधबा
आणि निळ्यात पिवळ्या रेघा.
पहिल्या महिन्यात एवढंच शिकले,
की सरळ उभी रेघ खालची असते.
एक निघाली जिन्यातल्या एलईडी बल्बची,
एक समोरच्या इन्व्हर्टरची,
एक माझ्याच चार्जरची. तिची लाज वाटली.
वाकते ती वरची.
येताना स्वर चढा, जाताना उतरलेला,
प्रतापनगरची छोटी गाडी फाटकावरून जाताना
शिटीचं व्हायचं, ते.

ही वाकत होती.
मंगळवारी सात बाराला, मग आठ सत्तावन्नला.
यादीत त्या फ्रिक्वेन्सीवर कुणीच नाही.
"कोण बोलतंय?" सवयीनं मोठ्यानं विचारलं.
नुसता हुंकार, तोही थरथरता,
कमी व्होल्टेजवर पंखा फिरावा तसा.

वही काढली.
दोन फेऱ्यांमध्ये एकशे पाच मिनिटं.
एवढ्या वेळात पृथ्वीला वळसा घालणारे
आणि त्या सुमारास बडोद्यावरून जाणारे
अकरा निघाले.
एकेकाची वाट माझ्या रेघेवर ठेवून पाहिली,
ब्लाउजचा जुना कागद नव्या कापडावर ठेवावा तशी.
दहा कुठे ना कुठे काखेत ओढत होते.
अकरावा बसला.
त्याच्या नावापुढे लिहिलंय, मृत.
उडाला ते साल माझ्या नोकरीचं पहिलं.

मेलेला बोलतो कसा,
यात आणखी सहा संध्याकाळी गेल्या.
मधल्या एकीला उत्तरायणाचा उरलेला मांजा
दांडीला गुंडाळलेला सापडला, गुलाबी,
त्या दिवशीचं काही धरायचं नाही.
सातची फेरी पुरी व्हायची, या क्षितिजापासून त्या.
नऊची मध्येच तुटायची,
आभाळ अजून बरंच शिल्लक असताना.
तुटण्याच्या जागा कागदावर जोडल्या
तेव्हा कळलं, मी सावलीची कड काढली आहे.
आपल्याच या पृथ्वीच्या, वर पडलेल्या सावलीची.

बॅटरी केव्हाच गेलेली.
ऊन लागलं की बोलतो,
सावली आली की गप्प.
पलीकडे ऐकणारं ऑफिस बंद झालं असेल,
बोर्ड भंगारात गेला असेल,
आमचाही गेला, किलोच्या भावानं, मी पावती पाहिली आहे.
त्याला थांब म्हणायला कुणी उरलं नाही.

काल नऊच्या फेरीला हेडफोन लावून बसले.
खाली उर्वीबेनच्या कुकरच्या शिट्ट्या,
रिफायनरीकडचं आभाळ नारिंगी.
हुंकार चढला, वळला, उतरू लागला,
आणि तुटायच्या जरासं आधी
माझ्या तोंडून आपोआप गेलं,
"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

वहीत अजून एक रेघ आहे,
पहाटे चार चाळीसची.
अगदी किंचित वाकते.
बहुतेक माझ्या फ्रिजचीच असावी.
उद्या फ्रिज बंद करून बघते.
दूध उर्वीबेनकडे ठेवेन.